स्वमग्न मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र नाकारलं तर: सोलापूरच्या पालकांसाठी अपिलाची वाट

सोलापुरात स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांच्या आईवडिलांशी बोलताना एकच तक्रार पुन्हापुन्हा कानावर येते. डॉक्टरांनी निदान केलेलं असतं, थेरपी चालू असते, शाळेतल्या बाई रोज काहीतरी सांगत असतात. आणि तपासणीनंतर हातात काय येतं, तर 40 टक्क्यांच्या खालचा आकडा किंवा 'पात्र नाही' असा शेरा. बहुतेक जण तिथेच खचतात. माझ्या मुलासाठी आम्ही ही वाट चाललो आहोत, म्हणून ठामपणे सांगते: प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा हक्क तुम्हाला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 59 ने दिलेला आहे.

तपासणीच्या खोलीत मूल काही मिनिटंच दिसतं. उरलेला सगळा आठवडा तुम्ही कागदावर उतरवून तिथे नेऊन ठेवायचा असतो. खाली जे काही लिहिलं आहे ते मुख्यतः या एका कामासाठी.

1. नकार नेमका कशाचा आहे ते आधी ओळखा

'आमचं नाकारलं' असं सगळेच म्हणतात, पण त्यात वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा दरवाजा वेगळा आहे.

मंडळाने स्वमग्नता नाहीच असं म्हटलं असेल, किंवा आहे पण टक्के कमी दिले असतील, तर ते कलम 59 चं अपील. प्रमाणपत्रावर दुसराच प्रकार पडला असेल, म्हणजे स्वमग्नतेऐवजी फक्त बौद्धिक दिव्यांगत्व, तर तेही अपिलातच मांडायचं. 1995 च्या जुन्या कायद्यात स्वमग्नतेचं नाव नव्हतं. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ते आलं. त्यामुळे घरातल्या मोठ्या मुलांची जुनी प्रमाणपत्रं दुसऱ्याच प्रकाराची असू शकतात. तीही काढून बघा.

अर्ज कागदांअभावी परत आला असेल किंवा यूडीआयडी पोर्टलवर (दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर) नुसता प्रलंबित दिसत असेल, तर तो नकार नव्हे. त्रुटी दूर करा आणि पाठपुरावा करा. मात्र फार काळ तसाच पडू देऊ नका. 2024 च्या सुधारित नियमांनुसार दोन वर्षांहून जास्त काळ निर्णयाविना राहिलेला अर्ज निष्क्रिय होतो.

आणि प्रमाणपत्र ठीक आहे, पण एखादी योजना नाकारली, तर तो विषय वेगळा. त्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

40 चा आकडा एवढा महत्त्वाचा का? कायद्यातले बरेचसे विशेष हक्क या रेषेच्या वरच सुरू होतात: कलम 31 मधलं 6 ते 18 वर्षांपर्यंतचं मोफत शिक्षण, पुढे मोठेपणी नोकरीतलं आरक्षण, शिवाय एसटीच्या साध्या गाडीतली 75 टक्के सवलत. 40 च्या खाली पांढरं यूडीआयडी कार्ड मिळतं, पण त्यावर हाती फारसं काही लागत नाही.

2. नकार लेखी घ्या

'साहेब म्हणाले बसत नाही', 'सहा महिन्यांनी या', असं तोंडी ऐकून घरी येऊ नका. अर्ज अपात्र ठरला तर त्याची कारणं लेखी कळवणं नियमांनुसार बंधनकारक आहे. साध्या कागदावर दोन ओळींचा अर्ज द्या: अमुक दिवशी तपासणी झाली, निर्णय आणि त्याची कारणं लेखी मिळावीत, आणि या निर्णयाविरुद्ध अपील कोणत्या प्राधिकाऱ्याकडे व किती दिवसांत करायचं तेही लेखी कळवावं. अपील प्राधिकारी आणि मुदत राज्य शासन ठरवतं, म्हणून ही माहिती खिडकीवरच्या माणसाच्या तोंडून न घेता कागदावर घ्या. उत्तर येईपर्यंत, हातात 30 दिवसच आहेत असं धरून कामाला लागा.

दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. गर्दी असते, मागचे लोक ढकलतात, मूल कंटाळलेलं असतं, तरीही. हीच पोच पुढे तुमच्या प्रत्येक अर्जाला लागणार आहे.

3. गुणपत्रक मागा आणि बेरीज स्वतः करा

स्वमग्नता किती आहे हे ठरवायला 'इसा' नावाची भारतीय चाचणी वापरतात. तिच्यात 40 मुद्दे असतात आणि प्रत्येकाला 1 ते 5 गुण. म्हणजे एकूण गुण 40 ते 200 च्या दरम्यान येतात. 70 च्या खाली स्वमग्नता नाही, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, 153 च्या वर तीव्र. इसाच्या पुस्तिकेत गुणांवरून टक्के काढण्याचा तक्ता आहे: 70 गुणांना 40 टक्के, 71 ते 88 ला 50 टक्के, 89 ते 105 ला 60 टक्के, आणि पुढे चढत जातं.

म्हणून प्रमाणपत्र बघून थांबू नका, गुणपत्रकाची प्रत मागा. बेरीज तपासा. गुण आणि टक्के एकमेकांशी जुळतात का ते बघा. जुळत नसतील तर तुमच्या अपिलातला सर्वांत भक्कम मुद्दा तुम्हाला तिथेच सापडला. शासनाने मूल्यांकनाची मार्गदर्शक तत्त्वं 2018 मध्ये काढली आणि मार्च 2024 मध्ये सुधारली. तुमच्या मुलाचं मूल्यांकन कोणत्या तत्त्वांनुसार झालं हेही त्याच अर्जात विचारा.

प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो, आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मुलाचा जन्मदाखला आणि तुमचं आधार जोडा, म्हणजे 'ही दुसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती आहे' असं म्हणायला जागा राहत नाही. पण या उत्तरासाठी अपील अडवून ठेवू नका. अपील आधी दाखल करा, गुणपत्रक मागाहून जोडा.

4. वही लिहा

यावर मी सगळ्यात जास्त भर देते, कारण पालकांचे गुण इथेच जातात.

इसाचे 40 मुद्दे सहा भागांत मोडतात: इतरांशी नातं आणि देवाणघेवाण, भावनिक प्रतिसाद, बोलणं व संवाद, वागण्याच्या पद्धती, संवेदना, आणि आकलन. प्रत्येक मुद्द्याला गुण मिळतात ते ती गोष्ट किती वेळा घडते यावरून. 1 म्हणजे क्वचित, सुमारे 20 टक्के वेळेपर्यंत. 5 म्हणजे जवळजवळ सदैव, 80 टक्क्यांहून जास्त वेळ. आता आठवून बघा, आपण आईबाप तिथे काय बोलतो. 'कधीकधी करतो.' 'तसा शहाणा आहे.' 'आता बराच सुधारलाय.' लेकराची बाजू घ्यायची सवयच असते आपल्याला. पण 'कधीकधी' म्हटलं की त्या मुद्द्याला 2 गुण. रोज दहा वेळा होणारी गोष्ट आपल्याच तोंडून कमी होऊन जाते.

सगळ्यात फसवा प्रश्न 'बोलतो का?' हा. उत्तर येतं, 'हो, बोलतो की.' आणि मूल बोलत काय असतं, तर टीव्हीवरच्या जाहिराती जशाच्या तशा. तहान लागली तर पाणी मागता येत नाही, आपला हात धरून माठापर्यंत ओढत नेतं. हे वाक्य तिथे बोललं गेलं पाहिजे. तसंच 'हाताने जेवतो का?' याला नुसतं 'हो' पुरत नाही. कडक भाकरीचा चुरा सोडून दुसरं काही तोंडात घेत नसेल, ताटात भाजीचा थेंब लागला तरी ताट ढकलत असेल, तर ते सांगा.

निदान दोन आठवडे रोज लिहा. वार, वेळ, काय झालं, किती वेळ चाललं, कोणी काय केल्यावर थांबलं. नोंदी अशा असाव्यात:

*मंगळवार, सकाळी 7.20. शाळेचा नवा शर्ट घातला. ओरबाडून काढला, मानेवर ओरखडे. 25 मिनिटं रडला. जुना शर्ट ओलाच घातला तेव्हा थांबला.*

*बुधवार, दुपार. सुताच्या कांड्या रंगाप्रमाणे ओळीत लावत बसला, दीड तास. बहिणीने एक उचलली तर स्वतःचं डोकं भिंतीवर आपटलं. मी मागून धरून बसले.*

*शुक्रवार, रात्री 9. शेजारी मिक्सर लागला. कान दाबून कॉटखाली गेला. जेवला नाही.*

'फार हट्टी आहे', 'खूप त्रास देतो' अशा वाक्यांतून मंडळाला काही मोजता येत नाही. वरच्यासारख्या नोंदीतून येतं. सणासुदीचे दिवस वेगळे लिहा: गड्ड्याच्या यात्रेत काय झालं, गणपतीच्या ढोलांच्या वेळी घराबाहेर पडता आलं का, लग्नाला जाणं का बंद केलं. आणि रोजच्या मदतीचं टिपण ठेवा: आंघोळ, शी-शू, कपडे, दात, रस्ता ओलांडणं. त्याच्या वयाचं दुसरं मूल हे स्वतः करतं का आणि याच्यासाठी कोणाला हातातलं काम सोडून थांबावं लागतं, दोन्ही लिहा.

आणखी एक गोष्ट आपल्या सोलापूरची. पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड, कुठे उर्दू. आईला मराठी कामापुरती येते, मग ती मराठीत विचारलेल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देते आणि गप्प होते. तुम्हाला ज्या भाषेत मुलाबद्दल मोकळं बोलता येतं, ती भाषा आणि मराठी दोन्ही येणारं घरातलं माणूस सोबत न्या. मुलाशीही घरच्या भाषेत बोलून बघावं अशी विनंती अर्जातच लिहा. मूल प्रतिसाद देत नाही ते भाषा अनोळखी म्हणून की स्वमग्नतेमुळे, हा फरक तपासणाऱ्यालाही स्पष्ट दिसायला हवा.

खरं तेच लिहा, एक ओळही फुगवू नका. खोटेपणाने लाभ घेतला तर याच कायद्याच्या कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. खऱ्या गोष्टीच पुरेशा असतात.

5. कागदांची फाइल

- निर्णयाची किंवा प्रमाणपत्राची प्रत, यूडीआयडी नावनोंदणी क्रमांक
- मुलाचं आधार, जन्मदाखला, सहा महिन्यांच्या आतला फोटो. पालकांचं आधार, रेशनकार्ड
- निदानाचा मूळ अहवाल आणि त्यानंतरचे सगळे केस पेपर, तारखेच्या क्रमाने
- स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची पत्रं
- शाळेचं किंवा अंगणवाडीचं पत्र
- वहीतल्या निवडक पानांच्या झेरॉक्स

निदान फक्त खासगी दवाखान्यातलं असेल, तर अपिलाच्या आधी सरकारी रुग्णालयाचा एक तरी केस पेपर तयार करा. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे, तिथे मानसोपचार आणि बालरोग हे दोन्ही विभाग आहेत. ओपीडीत दाखवा, नोंद होऊ द्या.

शाळेच्या पत्राबाबत सावध राहा. शाळा मायेने लिहून देते, 'विद्यार्थी हुशार असून वर्गात शांत बसतो', आणि तेच पत्र तुमच्या विरोधात जातं. बाईंना भेटून सांगा की कौतुक नको, वर्गात काय दिसतं ते लिहा: हाक मारल्यावर बघतो का, मधल्या सुट्टीत कोणाशी खेळतो, बेंच बदलला तर काय होतं. थेरपिस्टलाही असंच विचारा. 'प्रगती चांगली' एवढ्यावर न थांबता 'अजून कशासाठी आधार लागतो' हे त्यांनी लिहायला हवं.

मूळ कागद कुठेही जमा करू नका. दाखवायचे आणि परत घ्यायचे.

6. अपिलाचा अर्ज

वकील लागतोच असं नाही. एका पानात मावतो. ढाचा असा:

*विषय: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 59 अन्वये अपील.*

*माझा मुलगा ..., वय ..., नावनोंदणी क्रमांक ..., याची दि. ... रोजी ... येथे तपासणी झाली. दि. ... च्या निर्णयाने ... टक्के दिव्यांगत्व ठरवले आहे / अर्ज अपात्र ठरवला आहे. हा निर्णय पुढील कारणांसाठी मान्य नाही.*

मग मुद्दे, एकेक दोन-तीन ओळींचा: गुण आणि टक्क्यांत तफावत, तपासणीत घरच्या भाषेचा विचार झाला नाही, अमुक अहवाल पाहिला गेला नाही, संवाद, वागणं, संवेदना यांबद्दलच्या नोंदी सोबत, पान क्रमांक अमुक. शेवटी मागणी स्पष्ट लिहा: फेरतपासणी व्हावी, ती मानसोपचारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्या उपस्थितीत व्हावी, आणि निर्णय कारणांसह लेखी मिळावा.

डॉक्टरांवर राग काढणारं वाक्य लिहू नका. राग खरा असतो, पण अर्जातली तेवढी जागा मुलाच्या नोंदींना द्या.

7. दाखल करताना

हाताने दिलात तर पोच, टपालाने पाठवलात तर रजिस्टर एडी. दोन्ही केलंत तर उत्तमच. अपील चालू असताना पोर्टलवर नवा अर्ज भरू नका. आधार क्रमांकावर जुना अर्ज दिसतो आणि दोन्ही अडकतात.

रुग्णालयाच्या फाटकाजवळ 'टक्के वाढवून देतो' म्हणणारे भेटतील. एक रुपयाही देऊ नका. बनावट प्रमाणपत्राची पडताळणी पुढे कधीही होऊ शकते, आणि त्यात अडकतं ते मूल.

8. फेरतपासणीचा दिवस

करमाळा, माळशिरस, सांगोल्याहून येणाऱ्यांचा अख्खा दिवस जातो, त्यात सोलापूरचं ऊन. आदल्या दिवशी फोन करून डॉक्टर आहेत का ते विचारून निघा. मुलाचा नेहमीचा डबा, पाणी, कानावर लावायला काहीतरी, आवडती वस्तू घ्या. एकाने रांगेत उभं राहावं, दुसऱ्याने मुलाला बाहेर सावलीत ठेवावं.

मुलाला 'आज शहाण्यासारखं बस' असं शिकवून नेऊ नका. आणि मुद्दाम उपाशी, झोप मोडून, औषध बंद करून तर मुळीच नेऊ नका. मोबाइल हातात दिला की कितीतरी मुलं तासभर गप्प बसतात, आणि खोलीत तेवढंच दिसतं. आत जाण्याआधी मोबाइल काढून ठेवा. घरातले दोन-तीन छोटे व्हिडिओ तयार ठेवा आणि दाखवू का म्हणून विचारा.

वहीची प्रत समोर ठेवूनच उत्तरं द्या. 'किती वेळा?' विचारलं की आकडा सांगा.

9. उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला तर

कारणं लेखी देत नाहीत, अपील घेतच नाहीत, महिनोन्महिने तारीख देत नाहीत, अशा तक्रारी पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी पाठवा. टक्के ठरवणं हे आयुक्तांचं काम नव्हे. तुमचा हक्क डावलला गेला का, हे ते बघतात. तक्रारही टक्क्यांच्या नव्हे, हक्काच्या भाषेत लिहा आणि सगळ्या पोचपावत्या जोडा.

कायदेशीर मदत हवी असेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या कायद्यानुसार महिला, मुलं आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ही सोय असून फार थोडे पालक तिथे जातात, याचं मला वाईट वाटतं.

10. प्रमाणपत्र ठीक, पण योजना नाकारली

इथे सिव्हिलमध्ये खेटे घालून उपयोग नाही. ज्या कार्यालयाने नाकारलं तिथूनच कारण लेखी घ्या. संजय गांधी निराधार योजनेचं काम तहसीलकडे असतं. तिथे दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार रुपये आहे, आणि बरेच अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यापाशी अडतात. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या घरांत कमाई दर महिन्याला बदलते. दाखला काढताना अंदाजे आकडा सांगू नका, मजुरीची पुस्तिका किंवा पावत्या घेऊन जा. महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. त्याची मागणी वेगळ्या अर्जाने करा.

राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजनाही विसरू नका. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, आधी वैद्यकीय चाचणी नाही, आणि थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत बसतो. त्यासाठी प्रमाणपत्रावर स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व यांपैकी एकाचं नाव असणं गरजेचं.

11. नवं प्रमाणपत्र हातात आल्यावर

तिथल्या तिथे वाचा. नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का, जन्मतारीख बरोबर आहे का, प्रकार 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' असाच लिहिला आहे का. 40 ते 79 टक्क्यांना पिवळं कार्ड, 80 आणि त्यावर निळं. लहान मुलांना बहुधा ठराविक मुदतीचं प्रमाणपत्र देतात, म्हणून 'वैध दिनांक' बघून कॅलेंडरवर खूण करा. 2024 च्या नियमांत प्रमाणपत्र द्यायला तीन महिन्यांपर्यंतची मुदत आहे. तेव्हा नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान चार महिने आधी भरा, आणि त्यासाठी वही बंद करू नका, महिन्यातून दोन-चार नोंदी तरी चालू ठेवा.